रात्री कॅमेऱ्याचं चित्र धूसर येतंय? आधी दोष ओळखा, मग शिडी लावा

दिवसा गेटवरच्या पाटीची अक्षरंसुद्धा वाचता येतात आणि रात्री त्याच गेटातून आत आलेला माणूस म्हणजे नुसता पांढरा ठिपका. घराबाहेरच्या कॅमेऱ्यांबद्दलची ही तक्रार इतकी सरसकट आहे, की बरेच जण "रात्री असंच दिसायचं" म्हणून सोडून देतात. काही जण कॅमेराच बदलतात आणि नव्या कॅमेऱ्यातही तेच चित्र बघून कपाळाला हात लावतात. पुष्कळदा कॅमेरा धडधाकट असतो. चूक तो जिथे लावलाय त्या जागेत असते, काचेवर असते किंवा आतल्या एखाद्या सेटिंगमध्ये.

रात्रीचं चित्र बिघडण्याची निदान पाच वेगळी कारणं आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. काच पुसून शटरचा दोष जात नाही, शटर बदलून कोळ्याचं जाळं निघत नाही. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी थोडं निदान करू.

अंधार पडल्यावर कॅमेऱ्यात काय होतं

कॅमेऱ्याच्या सेन्सरला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपला, आपल्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, म्हणजे आयआर प्रकाशही दिसतो. दिवसा तो आत आला तर रंग बिघडतात, म्हणून सेन्सरपुढे एक छोटा फिल्टर असतो. संध्याकाळी उजेड कमी झाला की बारीक "टक्" असा आवाज करत हा फिल्टर बाजूला सरकतो, चित्र कृष्णधवल होतं आणि लेन्सभोवतीचे आयआर एलईडी पेटतात. बहुतेक कॅमेऱ्यांचे एलईडी ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात. जवळून बघितलं तर मंद लालसर दिसतात. ९४० नॅनोमीटरचे अजिबात दिसत नाहीत, पण सेन्सर त्या प्रकाशाला कमी दाद देतो, त्यामुळे त्यांचा पल्ला आखूड असतो.

म्हणजे रात्री कॅमेरा स्वतःच दिवा घेऊन उभा असतो आणि तो दिवा लेन्सला अगदी खेटून असतो. जवळच्या कुठल्याही वस्तूवर आदळलेला उजेड थेट लेन्समध्ये परततो. शिवाय हा उजेड अंतरानुसार झपाट्याने विरतो. ५ मीटरवर जेवढा असेल त्याच्या चौथा हिस्सा १० मीटरवर आणि सोळावा हिस्सा २० मीटरवर. खोक्यावर "३० मीटर आयआर" लिहिलेलं असतं त्याचा अर्थ "३० मीटरवर काहीतरी हललेलं कळेल" इतकाच घ्यावा. चेहरा ओळखू येईल असा घेऊ नये.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे कधी पोलिसांना चित्रण द्यायची वेळ आली तर ती महत्त्वाची ठरते. आयआरच्या उजेडात कपड्यांचे रंग खरे दिसत नाहीत. काळं सिंथेटिक जॅकेट फिकट राखाडी किंवा पांढरं दिसू शकतं, झाडांची पानं चुन्यासारखी उजळ दिसतात. "पांढऱ्या शर्टातला माणूस" असं ठामपणे सांगण्याआधी चित्र कृष्णधवल आहे का ते बघा.

एक रात्र चाचणीला द्या

नेहमीचे दिवे जसे असतात तसेच ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी मदतीला घ्या. त्या व्यक्तीला तुम्हाला चेहरा जिथे दिसायला हवा तिथे, समजा गेटपाशी किंवा गाडीजवळ, कॅमेऱ्याकडे तोंड करून दहा सेकंद अगदी स्तब्ध उभं राहायला सांगा. हातात वर्तमानपत्र धरायला द्या, मोठा काळा मथळा समोर दिसेल असं. (काळाच हवा, काही रंगीत शाया आयआरमध्ये चक्क गायब होतात.) मग त्याच व्यक्तीला नेहमीच्या चालीने कॅमेऱ्याकडे चालत यायला सांगा आणि शेवटी चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवं चालायला सांगा.

त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन आयआर एलईडी काही वेळासाठी बंद करा. बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय असते. त्या व्यक्तीने वर्तमानपत्र गेटला अडकवून बाजूला उभं राहावं आणि साध्या टॉर्चने गेट उजळावं. टॉर्च कॅमेऱ्यावर मारायचा नाही, गेटवर मारायचा. ही छोटीशी पायरी सगळ्यात जास्त सांगून जाते.

आता चित्रण बघायचं, पण मोबाइल ॲपमध्ये नाही. ॲप डेटा वाचवण्यासाठी सहसा "सब स्ट्रीम" दाखवतं, म्हणजे त्याच चित्राची लहान, दाबलेली आवृत्ती, पुष्कळदा ६४० पिक्सेल रुंदीची. ती दिवसा चालून जाते, रात्री तिचा चिखल होतो. रेकॉर्डरमधून किंवा मेमरी कार्डावरून मूळ फाइल काढा आणि कॉम्प्युटरवर पूर्ण आकारात बघा. मूळ फाइलमध्ये चित्र चांगलं निघालं तर तुमचा प्रश्न इथेच संपला. ॲपमध्ये "एचडी" निवडा किंवा रेकॉर्डर मेन स्ट्रीमच (म्हणजे पूर्ण आकाराचं चित्र) साठवतोय ना एवढं तपासा.

फाइलमध्येही चित्र खराब असेल तर नीट बघा. स्तब्ध उभा माणूस स्पष्ट आणि चालणारा माणूस फराटा, असं असेल तर शटरचा दोष. सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा आणि टॉर्चच्या वेळी तो नाहीसा झाला, तर आयआर कुठूनतरी परावर्तित होतोय. मथळा आयआरमध्ये आणि टॉर्चमध्ये, दोन्ही वेळा पुसट, पण काळा भाग चांगला काळा, तर फोकस. मुंग्या चालल्यासारखे दाणे किंवा मेणासारखे सपाट चेहरे असतील तर उजेड कमी पडतोय. चौकोनी ठोकळे दिसत असतील तर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या चित्रणाला मिळणारा डेटा, कमी पडतोय. एकाहून जास्त दोष एकत्र असणंही नेहमीचंच. अशा वेळी खाली दिलेल्या क्रमानेच चला.

दुधाळ पडदा: सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात स्वस्तात सुटणारा

धुक्यात गाडीचा अपर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते आणि रस्ता दिसेनासा होतो. कॅमेऱ्याचंही अगदी हेच होतं, फक्त धुक्याऐवजी काचेवरची धूळ असते, जाळं असतं, छपराची कड असते.

काचेपासून सुरुवात करा. शिडी घट्ट टेकलेली, खाली धरायला कुणीतरी, आणि वेळ दिवसाची. पहिल्यांदा काचेवर कारखान्यातली पातळ प्लास्टिकची फिल्म अजून चिकटलेली आहे का ते बघा. हसू नका, वर्षानुवर्षं फिल्मसकट चाललेले कॅमेरे असतात. दिवसा ती कळत नाही, रात्री सगळं चित्र पांढरं करते. मग ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा; कोरडी धूळ फडक्याने घासली तर ओरखडे पडतात आणि ते कायमचे. त्यानंतर चष्मा पुसायचं मायक्रोफायबर कापड शुद्ध पाण्यात किंचित ओलं करून पुसा आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने पाणी टिपून घ्या. नळाचं पाणी वाळलं की क्षारांचे डाग ठेवतं. सपाट काच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. पण घुमटाकार प्लास्टिकच्या कव्हरवर ते लावू नका; ॲक्रिलिकला अल्कोहोलने बारीक तडे जातात. पुसून झाल्यावर बोट लावू नका. बोटाचा एक तेलकट ठसा रात्री अर्धं चित्र धुकट करायला पुरतो.

काच स्वच्छ असूनही पडदा तसाच राहिला तर कॅमेऱ्याच्या डोळ्याने आजूबाजूला बघा. चित्राच्या एखाद्या कडेला छपराची कड, पन्हळ, खांब, वेलीची फांदी किंवा शेजारची भिंत दिसतेय का? दिवसा ती कड निरुपद्रवी असते. रात्री तीच सगळ्यात जवळची वस्तू, म्हणून सगळ्यात जास्त उजळते. कॅमेरा मग तिच्या हिशेबाने एक्स्पोजर कमी करतो आणि गेट अंधारात जातं. उपाय साधा आहे: कॅमेरा थोडा खाली झुकवा किंवा भिंतीपासून पुढे आणा, ती कड चित्रातून पूर्ण गेली पाहिजे. चित्रात नसलेली पण एलईडीच्या झोतात येणारी भिंतही उजेड फेकते, म्हणून निव्वळ चित्रातून घालवून भागलं नाही तर दोन-चार इंच आणखी सरकवून बघा.

खिडकीच्या काचेआडून बाहेर बघणारा कॅमेरा असेल, तर आयआर चालू ठेवून काहीच साधणार नाही. काचेवरून एलईडीच परत दिसतील. आयआर बंद करा, लेन्स काचेला जवळजवळ टेकवा, खोलीतला दिवा मालवा आणि बाहेर वेगळा दिवा लावा. तरच काही दिसेल.

घुमटाकार म्हणजे डोम कॅमेऱ्यांची आणखी एक खोड असते. आत लेन्सभोवती काळ्या रबराचं किंवा फोमचं कडं असतं. ते कव्हरला आतून घट्ट टेकलेलं असतं, म्हणजे एलईडीचा उजेड प्लास्टिकच्या आतून फिरून लेन्समध्ये शिरत नाही. कॅमेरा फिरवताना हे कडं सरकलं किंवा कव्हर तिरकं बसलं की रात्री मध्यभागी पांढरं वलय दिसतं. कव्हर काढा, कडं सरळ करा, कव्हर पुन्हा समान दाबून बसवा. कव्हरच उन्हाने पिवळं आणि खरखरीत झालं असेल तर पुसून उपयोग नाही. बहुतेक ठिकाणी सुटं कव्हर मिळतं, ते बदला.

मग येतात कोळी. लेन्सच्या पुढ्यात जाळं असेल तर ते आयआरमध्ये ट्यूबलाइटसारखं पेटतं, वाऱ्याने हलतं आणि रात्रभर मोबाइलवर "हालचाल आढळली"चा मारा होतो. जाळं काढलं तरी चार दिवसांत परत येतं. लांब दांड्याच्या मऊ ब्रशने ठरावीक दिवसांनी झाडणं हाच कंटाळवाणा पण खात्रीचा मार्ग. कीटकनाशक मारायचंच असेल तर भिंतीवर, कॅमेऱ्याच्या पाठीवर मारा, काचेवर कधीच नाही. कायमचा तोडगा हवा असेल तर कॅमेऱ्याचे स्वतःचे एलईडी बंद करून वेगळा आयआर दिवा दीड-दोन मीटर लांब लावा. उजेडाचा उगम लेन्सपासून दूर गेला की जाळं, पाऊस, धूळ हे सगळं एकदम कमी दिसायला लागतं. माझ्या मते बाहेरच्या कॅमेऱ्यासाठी यासारखी दुसरी सुधारणा नाही, आणि तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही.

पडदा फक्त पहाटे दिसतो आणि ऊन आलं की जातो, असं असेल तर ते दव. बाहेरून असेल तर सोडून द्या. काचेच्या आतल्या बाजूला असेल तर कुठूनतरी ओल शिरतेय: केबल आत जाते तिथलं रबर किंवा कव्हरचं सील. कोरड्या दिवशी उघडा, आतलं सिलिका जेलचं पाकीट बदला, सील नीट बसवा आणि केबलला कॅमेऱ्यात शिरण्याआधी खाली झुकणारा एक फास द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल.

चालणारा माणूस फराट्यासारखा दिसतो

हा दोष सगळ्यात फसवा आहे, कारण रिकाम्या अंगणाचं चित्र उत्कृष्ट येतं. दुकानात, जाहिरातीत, ॲपच्या पहिल्या पडद्यावर तुम्ही हेच रिकामं अंगण बघत असता. माणूस आला की सगळं बिघडतं.

अंधारात कॅमेऱ्याला उजेड कमी मिळतो तेव्हा तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. माणूस साध्या चालीने सेकंदाला सुमारे १.४ मीटर चालतो. शटर १/२५ सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे डोळे आणि नाक एकमेकांत मिसळले. "स्लो शटर" नावाची सोय चालू असेल आणि शटर १/६ पर्यंत गेलं, तर तो २३ सेंटिमीटर सरकतो. अख्ख्या चेहऱ्याच्या रुंदीहून जास्त! तिथून चेहरा परत मिळवणारं कुठलंही सॉफ्टवेअर नाही. १/१०० ला मात्र तो जेमतेम दीड सेंटिमीटर सरकतो.

सेटिंगमध्ये "इमेज" आणि त्यात "एक्स्पोजर" शोधा. स्लो शटर किंवा तत्सम नावाची सोय असेल तर आधी ती बंद करा. मग रात्रीच्या शटरची सर्वांत मंद मर्यादा १/५० वर आणा आणि पुन्हा चालायची चाचणी घ्या. चित्र फारच काळं झालं नाही तर १/१०० करून बघा. आवारात विजेचे दिवे असतील आणि तुमच्याकडची वीज ५० हर्ट्झची असेल तर १/५० किंवा १/१०० हेच आकडे ठेवा, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. नाहीतर चित्रात पट्टे सरकताना दिसतील. बऱ्याच कॅमेऱ्यांत दिवसाचं आणि रात्रीचं प्रोफाइल वेगळं असतं, तेव्हा बदल रात्रीच्याच प्रोफाइलमध्ये करताय ना हे बघा.

१/२५ वरून १/१०० वर गेलात की सेन्सरला उजेड चौथा हिस्साच मिळतो. चित्र काळपट दिसणारच. काळपट पण ओळखू येणारा चेहरा हा उजळ फराट्यापेक्षा केव्हाही बरा. बहुतेक कॅमेरे कारखान्यातून नेमके याच्या उलट बांधलेले येतात, कारण उजळ चित्र विकलं जातं. काही स्वस्त वाय-फाय आणि बॅटरीवरच्या कॅमेऱ्यांत शटर हाताने ठरवायची सोयच नसते. तिथे उजेड वाढवणं एवढाच मार्ग उरतो.

दाणे, मेणचट चेहरे आणि भुतासारखी सावली

उजेड कमी पडला की कॅमेरा मिळालेला संकेत वाढवतो. याला गेन म्हणतात. संकेताबरोबर गोंगाटही वाढतो, म्हणून दाणे. दाणे घालवायला "डीएनआर" (डिजिटल नॉइज रिडक्शन) असतं. ते मागच्या-पुढच्या फ्रेम एकत्र करून दाणे पुसतं, आणि फार वाढवलं तर दाण्यांबरोबर भुवया, सुरकुत्या, दाढीही पुसतं. चालणाऱ्या माणसामागे पुसटशी सावली रेंगाळताना दिसली तर डीएनआर जास्त झालंय हे नक्की. ० ते १०० च्या पट्टीवर ५० असेल तर ३०-३५ वर आणा. थोडे दाणे राहू द्या.

"डब्ल्यूडीआर", म्हणजे एकाच चित्रातले लख्ख आणि काळोखे भाग दोन्ही सांभाळणारी सोय, रात्री बंद ठेवा, निदान बंद करून एकदा तुलना तरी करा. दिवसा दारातल्या लख्ख उन्हासाठी ते उत्तम आहे, अंधारात मात्र पुष्कळदा दाणे आणि दुहेरी कडा वाढवतं. उलट "स्मार्ट आयआर" चालू ठेवा. जवळ आलेल्या माणसाचा चेहरा पांढराफटक होऊ नये म्हणून ते एलईडीचा जोर कमी करतं.

पण हे सगळं जमाखर्च मांडण्यासारखं झालं. शटर, गेन, डीएनआर यांतलं एक सुधारलं की दुसरं बिघडतं, कारण मुळात उजेडच अपुरा आहे. गेटपाशी एक साधा एलईडी दिवा लावून बघा. कॅमेरा रंगीत राहील, शटर आपोआप वेगवान होईल आणि चेहऱ्याबरोबर कपड्यांचा रंगही मिळेल. दिवा कॅमेऱ्याच्या मागे किंवा बाजूला असावा, चित्रात नव्हे. एक सूक्ष्म भानगड मात्र आहे: कॅमेरा कृष्णधवल पद्धतीतच अडकून राहिला तर दिव्याचा उजेड मिळतो, पण रंग मिळत नाहीत. "डे-नाइट" सेटिंग "कलर" वर ठेवून बघा. दिवा अगदीच सीमारेषेवरचा असेल तर कॅमेरा रात्रभर रंगीत आणि कृष्णधवल यांच्यात उड्या मारेल. तेव्हा "ऑटो" सोडून एक काहीतरी ठाम ठरवा.

फोकस

दिवसा स्पष्ट, रात्री स्तब्ध माणूसही पुसट, आणि दुधाळपणा नाही. अशा वेळी फोकस सरकलेला असतो. आयआर प्रकाश लेन्समधून दृश्य प्रकाशापेक्षा किंचित वेगळ्या जागी एकवटतो. चांगल्या लेन्समध्ये ही तफावत भरून काढलेली असते, स्वस्त लेन्समध्ये नसते. शिवाय छिद्र आपोआप लहान-मोठं होणाऱ्या लेन्समध्ये दिवसा छिद्र लहान असतं, त्यामुळे चूक लपून जाते. अंधारात ते पूर्ण उघडं असतं आणि तीच चूक उघडी पडते.

फिरवता येणारी लेन्स असेल तर फोकस रात्री, आयआर चालू असताना करायचा. गेटपाशी वर्तमानपत्र लटकवा, मथळा वाचता येईपर्यंत रिंग अगदी सावकाश फिरवा, स्क्रू घट्ट करा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दिवसाचं चित्र टिकलंय का बघा. मोटर असलेल्या लेन्सला सेटिंगमध्ये "ऑटो फोकस"चं बटण असतं, तेही अंधारातच दाबा. ठरीव लेन्सचे बहुतेक कॅमेरे कारखान्यात फोकस करून डिंकाने पक्के केलेले असतात. ते उघडायच्या भानगडीत पडू नका. जलरोधक सील गेलं की पुढच्या पावसात कॅमेराही जाईल. वॉरंटीत असेल तर बदलून घ्या.

ठोकळे

रात्रीचे दाणे प्रत्येक फ्रेमला बदलतात, त्यामुळे दाबून साठवायला तेच चित्र जड जातं. दिवसा पुरणारा बिटरेट रात्री अपुरा पडतो आणि माणूस हलला की त्याचे चौकोन होतात. मेन स्ट्रीमचा बिटरेट वाढवा. १०८० रेषांच्या कॅमेऱ्याला एच.२६४ मध्ये सेकंदाला ४ मेगाबिट ही बरी सुरुवात आहे, एच.२६५ ला कमी चालतो (या दोन्ही व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती). साठवण पुरत नसेल तर सेकंदाच्या फ्रेम २५ वरून १५ वर आणा, चेहऱ्याला त्याने धक्का लागत नाही. वाय-फायचा कॅमेरा असेल तर बाहेरच्या भिंतीमागे सिग्नल किती पोचतोय तेही ॲपमध्ये बघून घ्या.

फक्त रात्रीच बंद पडतो, लुकलुकतो

इथे बहुधा विजेचा दोष असतो. आयआर पेटले की कॅमेऱ्याची भूक दुपटीने वाढू शकते. समजा, १२ व्होल्टचा अडॅप्टर घरात आहे आणि ३० मीटर लांब नेटवर्क केबलच्या एकाच बारीक जोडीतून वीज नेलीय. त्या तांब्याचा जाऊन-येऊन विरोध साधारण ५ ओहम भरतो. दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर घेतो तेव्हा १ व्होल्ट वाटेत जातो, ११ पोचतात. रात्री ०.५ अँपिअर घेतला की अडीच व्होल्ट गळतात आणि उरतात साडेनऊ. एलईडी मंद होतात, चित्र काळवंडतं किंवा कॅमेरा पुन्हापुन्हा सुरू होत राहतो. व्होल्टेज मोजायचं ते कॅमेऱ्याच्या टोकाला, आणि रात्री, आयआर चालू असताना. ११ च्या खाली असेल तर जाड तार घाला किंवा अडॅप्टर जवळ आणा.

एलईडी खरंच पेटतात का हे मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, बऱ्याच फोनमध्ये ते जांभळट दिसतात. एलईडी पेटूनही चित्र काळंच आणि "टक्" आवाज येत नसेल, किंवा दिवसा झाडं गुलाबी दिसत असतील, तर तो फिल्टर अडकलाय. डे-नाइट सेटिंग हाताने चार-पाच वेळा बदला, कधीकधी सुटतो. नाही सुटला तर दुरुस्ती.

इतकं करूनही चेहरा दिसत नाही

मग हिशेब करा. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२६७६-४ च्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी माणसाची ओळख पटण्यासाठी त्याच्या जागी दर मीटरला २५० पिक्सेल लागतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. १०८० रेषांच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. २५० ने भागलं तर ७.७ मीटर. ९० अंश बघणारी लेन्स ७.७ मीटर रुंदी ३.८ मीटर अंतरावरच गाठते. म्हणजे असल्या रुंद लेन्सने १० मीटरवरच्या गेटातला चेहरा दिवसाही पुरेसा मिळत नव्हता, फक्त उजेडामुळे तो मिळतोय असं वाटत होतं. त्या जागी ८ मिलिमीटरच्या आसपासची अरुंद लेन्स हवी (हा आकडा जितका मोठा तितकी लेन्स अरुंद बघते), किंवा कॅमेराच गेटजवळ, अडीच-तीन मीटर उंचीवर आणायला हवा. पहिल्या मजल्यावरच्या कॅमेऱ्यातून टोप्या आणि टक्कल यांशिवाय फार काही मिळत नाही.

गाडीचा नंबर वाचायचा असेल तर त्यासाठी स्वतंत्र कॅमेरा लावा. नंबरप्लेट आयआर थेट परत फेकते, हेडलाइट डोळे दिपवतात, आणि चालत्या गाडीसाठी शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान लागतं. त्या सेटिंगवर बाकीचं अंगण काळं दिसेल. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामं रात्री होत नाहीत.

नवा कॅमेरा घ्यायचीच वेळ आली तर मेगापिक्सेलच्या मागे धावू नका. तेवढ्याच सेन्सरवर ८ मेगापिक्सेल कोंबले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो आणि ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा रात्री त्याच्यापेक्षा सरस ठरू शकतो. सेन्सरचा आकार आणि लेन्सचा एफ-आकडा विचारा (एफ-आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). एफ १.० ची लेन्स एफ १.६ पेक्षा सुमारे अडीचपट उजेड आत घेते, तेवढा फरक कुठल्याही सेटिंगने पडत नाही. आणि विक्रेत्याने रात्रीचं सुंदर स्थिर चित्र दाखवलं, तर त्याच कॅमेऱ्यासमोरून चालत जाणाऱ्या माणसाचा व्हिडिओ मागा.